विश्लेषण : शुगर तपासता, मग लघवी का नाही?

मधुमेहाच्या रुग्णाला आपली शुगर तोंडपाठ असते. लघवीतलं अल्ब्युमिन किती, हे मात्र अनेकांना ठाऊक नसतं. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मधील अहवालानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण आहेत. मूत्रपिंड निकामी होण्याच्या प्रमुख कारणांपैकी मधुमेह हे एक आहे. तरीही ही साधी तपासणी मागे का पडते?

मूत्रपिंडात नेमकं काय बिघडतं?

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. वर्षानुवर्षे वाढलेली साखर आणि रक्तदाब यामुळे त्या खराब होतात आणि अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागतं. या टप्प्यावर काहीच दुखत नाही. पायांना सूज येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

फक्त क्रिएटिनिन पुरेसं आहे का?

नाही. मूत्रपिंडाची जवळपास निम्मी क्षमता जाईपर्यंत क्रिएटिनिन 'नॉर्मल' दिसू शकतं. म्हणून दोन गोष्टी पाहाव्या लागतात : लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (३० पेक्षा कमी हवं) आणि क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर (तीन महिने ६० च्या खाली राहिला तर दीर्घकालीन आजार). टाइप-२ मधुमेहात निदान झाल्यापासूनच दरवर्षी या तपासण्या कराव्यात.

किनारपट्टीवर काळजी जास्त का?

डायलिसिस साधारण आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास करावं लागतं. मुरूडहून अलिबाग सुमारे ५० किलोमीटर. तिथवर जावं लागलं तर वर्षाला दीडशेहून अधिक फेऱ्या होतात. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये जाहीर झाला, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. म्हणजे उपचाराचा खर्च सरकार उचलेल, पण बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा दिवस कोण भरून देणार?

इथल्या दोन सवयींकडेही पाहायला हवं. खारवलेली सुकी मासळी, पापड, लोणचं यातून मीठ वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे. दुसरी सवय म्हणजे होडीवर किंवा शेतात कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेणं. आधीच थकलेल्या मूत्रपिंडाला ते घातक ठरू शकतं.

मग करायचं काय?

आजार लवकर कळला तर तो रोखून धरता येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या मूत्रपिंडाचंही रक्षण करतात. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन यांचं पेटंट संपल्यावर त्यांच्या स्वस्त जेनेरिक गोळ्याही आल्या आहेत. त्या सुरू करायच्या की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर तपासली जाते, त्याच दिवशी लघवीचा नमुनाही घेतला जावा. डायलिसिसच्या खुर्च्या वाढवणं गरजेचं आहेच. पण त्या खुर्चीपर्यंत माणूस पोहोचू नये, यासाठीचा खर्च त्याहून कितीतरी कमी आहे. तोवर पुढच्या वेळी शुगरचा रिपोर्ट घ्याल, तेव्हा डॉक्टरांना एवढंच विचारा : 'माझं अल्ब्युमिन कधी तपासायचं?'