शाकारणी आणि नूतनीकरण

घर राखण्याच्या कामासाठी मराठीत निरनिराळे शब्द आहेत. पावसाळ्यापूर्वी कौले उतरवून, फुटकी बदलून पुन्हा बसवणे ही शाकारणी. कुठे लिंपण, कुठे दाराला नवी खिट्टी, ही डागडुजी. या शब्दांत घर पडू नये म्हणून चाललेली नित्याची खटपट आहे. अलीकडे त्यांच्या जागी ‘नूतनीकरण’ आले. त्यात खटपटीपेक्षा जुन्याविषयीचा संकोच अधिक जाणवतो.

आपल्या साहित्यालाही शाकारणीचे फारसे अप्रूप नाही. ढासळत्या घरांचे त्याला आकर्षण आहे. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’पासून (१९८५) आपण पडक्या भिंतींतून कुटुंबाचा ऱ्हास वाचावयास शिकलो, आणि ते योग्यच झाले. मात्र घर राखण्यासाठी दरवर्षी शिडी लावणाऱ्या माणसाविषयी आपण क्वचितच लिहितो. घराच्या दुरुस्तीचे बेत आखताना आपण चुकतो, त्याचे एक मूळ येथे असावे असे आम्हांस वाटते. पडते घर पाहून हळहळायचे आणि चकचकीत घराची स्वप्ने पाहायची, एवढेच आपल्याला येते.

हे आम्ही स्वानुभवाने लिहीत आहोत. राजापूर तालुक्यात आमचे वडिलोपार्जित जांभ्याचे घर आहे. आम्ही चुलत भावंडे मुंबई-पुण्यास असतो; घरात काकू एकट्याच राहतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्यास एकत्र बसून घराचा आराखडा केला. पडवी बंद करून बैठकीची खोली, माजघरात गुळगुळीत फरशी, सर्व भिंतींना सिमेंटचा गिलावा, आणि माळ्यावर आम्हां पाहुण्यांसाठी संडास-न्हाणीसह दोन खोल्या. कागद काकूंपुढे ठेवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि एवढेच विचारले, “अरे, पण पाऊस कुठून येतो ते पाहिलंत का कुणी?”

कुणीही पाहिले नव्हते. मागील दोन छपरे मिळतात तेथील पन्हळ कित्येक वर्षे गळत होती. काकू तिच्याखाली पातेले ठेवून झोपत. संडास परसात असल्यामुळे पावसाळ्याच्या रात्री त्या विजेरी घेऊन निसरड्या पायऱ्या उतरत. वर्षातून आठ दिवस येणाऱ्यांसाठी आमच्या आराखड्यात दोन संडास होते. बारा महिने राहणाऱ्या बाईसाठी एकही नव्हता.

भिंतींचीही तीच गत. काही वर्षांपूर्वी आम्हीच हौसेने पश्चिमेच्या भिंतीवरील चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा केला होता. जांभा सच्छिद्र असतो. तो पाणी शोषतो आणि उघडीप मिळाली की वाळतो. चुन्याचा गिलावा ही वाफ बाहेर जाऊ देतो. सिमेंटच्या गिलाव्याला बारीक भेगा पडतात, त्यांतून पाणी शिरते, पण परतीची वाट बरीचशी बंद होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात याचा परिणाम दिसायला वेळ लागत नाही. रंगाचे पोपडे सुटले, भिंतीत रुतलेले तुळईचे टोक कुजले आणि मागोमाग वाळवी आली. हा दोष गवंड्याचा नव्हे. त्याने आम्ही सांगितले तेच केले.

याचा अर्थ जुने ते सारे जपावे असा नाही. जी मंगळुरी कौले पाहून आपण आज हळवे होतो, त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये काढला. त्याआधीची घरे गवताने किंवा नळीच्या कौलांनी शाकारलेली असत. म्हणजे आपले ‘पारंपरिक’ छप्परही एके काळचे नूतनीकरणच. शेणाने सारवलेल्या जमिनीचे गुणगान करणाऱ्यांनी ती कोण सारवते, हेही विचारावे. आमच्या घरी त्या काकू आहेत, आणि त्यांचे गुडघे दुखतात.

म्हणून आमचे मत असे की, घराचा आराखडा शक्य तर एक पावसाळा त्या घरात काढून मग करावा, आणि तेथे राहणाऱ्या माणसाच्या दिवसापासून आरंभ करावा. कामांचा क्रम पाण्याने ठरवावा. आधी छप्पर, पन्हळी आणि अंगणाचा उतार. मग वासे, तुळया व भिंती. मग विजेच्या तारा, अर्थिंग आणि नळ. गिलावा व फरशी त्यानंतर, आणि रंग सर्वांत शेवटी. आपण बहुधा हा क्रम उलटा लावतो, कारण पाहुण्यांना रंग दिसतो, पन्हळ दिसत नाही. कौले उतरवल्यावर कोणता वासा पोकळ निघेल हे आधी कळत नाही, म्हणून अंदाजपत्रकाचा पाचवा हिस्सा बाजूला राखावा. कोकणात काम दिवाळीनंतर काढावे, आणि मृगापूर्वी छप्पर बंद झालेच पाहिजे.

आमचा नवा आराखडा आता एका पानाचा आहे. पहिली ओळ मागच्या पन्हळीची, दुसरी काकूंच्या खोलीला लागून संडासाची, तिसरी पश्चिमेच्या भिंतीवरील सिमेंट काढून पुन्हा चुना लावण्याची. पैसे तेवढ्यालाच पुरतात. बैठकीची खोली यंदा होणार नाही. आम्ही गेलो की पडवीतच बसू. तेथे वाराही बरा येतो.