संशोधकाची उमेदवारी

गेल्या महिन्यांत अमरावतीहून एका वाचक गृहस्थांचें सविस्तर पत्र आम्हांस आलें. त्यांची पुतणी कृषिशास्त्राची पदव्युत्तर परीक्षा उत्तम रीतीनें उतरून कपाशीच्या संकरावर डॉक्टरेटचें काम करीत आहे. दुसरें वर्ष चालू असतां श्रावणांतील संततधारेनें तिचे निम्मे वाफे पाण्याखालीं गेले. "वर्ष फुकट गेलें, वय सव्वीस झालें, महालक्ष्म्यांनाही पोर घरीं आली नाहीं. हें सोडून तिनें एखादी नोकरी धरावी, असें घरांत सर्वांचें म्हणणें आहे. आपलें मत काय?" असा त्यांचा प्रश्न आहे. असे प्रश्न आतां अनेक घरांतून निघूं लागले आहेत. म्हणून उत्तर खाजगी न देतां येथेंच देतों.

प्रथम महालक्ष्म्यांचीच गोष्ट घेऊं. मृगाच्या पावसावर पेरलेली पऱ्हाटी सुमारें दोन महिन्यांनीं फुलावर येते, आणि नेमके तेच दिवस सणावाराचे. संकर करावयाचा तर उद्यां उमलणारी कळी आज सायंकाळीं हेरून तिच्यांतील पुंकेसर अलगद काढून टाकावे लागतात, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं निवडलेल्या वाणाचा पराग तिला लावावा लागतो. दुपार झाली कीं वेळ टळली. हें काम कांहीं आठवडे रोज चालतें. घरच्या पूजेला दुसऱ्या सुनेचा हात लागूं शकतो; फुलाला ती सोय नाहीं. मुलगी आली नाहीं यांत अनादर नव्हता, कर्तव्यबुद्धि होती, हें घरांतील वडील माणसांनीं आधीं ध्यानांत घ्यावें.

आतां वर्ष फुकट गेल्याविषयीं. वऱ्हाडांत कपाशीचें पीक वर्षांतून एकदांच येतें. तेव्हां हंगाम गेला म्हणजे वर्ष गेलें, ही गोष्ट खरी. परंतु संशोधनाची आरंभींची वर्षें ही नोकरी नसून उमेदवारी आहे. पूर्वीं कचेरींत उमेदवारी करणारा तरुण आज किती मिळविलें हें मोजीत नसे. काम किती हातीं आलें हें मोजीत असे. अकोल्यास १९६९ सालीं कृषि विद्यापीठ स्थापन झालें, तें आज डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नांवानें चालतें. तेथें काय किंवा अन्यत्र काय, पिकाचा एक नवा वाण पहिल्या संकरापासून शेतकऱ्याच्या हातीं पडेपर्यंत बहुधा दहाबारा वर्षें लागतात. ज्या कामाचा हिशेब असा लांब, त्यांत एका श्रावणावरून निकाल देणें योग्य नव्हे.

या कामीं कै. डॉ. कमला सोहोनी यांचें उदाहरण मननीय आहे. दुर्गाबाई भागवतांच्या या भगिनी. यांचे वडील व काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ सालीं त्यांनीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत प्रवेश मागितला, तेव्हां संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. कमलाबाई हटल्या नाहींत. अखेर प्रवेश मिळाला, तो अटीवर : पहिलें वर्ष परीक्षेचें, काम पसंत पडलें तरच नियमित विद्यार्थिनी. ही अट अन्यायाची होती, आणि पुढें यश आलें म्हणून ती न्याय्य ठरत नाहीं. तथापि आपलें काम कोण व केव्हां पारखणार, हें त्यांस आरंभापासून ठाऊक होतें. त्या कसोटीस त्या उतरल्या, आणि पुढें १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट त्यांस मिळाली. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. संशोधकाची योग्यता पानांवरून वा वर्षांवरून ठरत नाहीं. स्वतःचा एक प्रश्न नीट धरून तो तडीस नेण्यावरून ठरते.

म्हणून त्या मुलीस आमचें सांगणें असें. पहिली गोष्ट नोंदवहीची. वही बांधलेली असावी, पानांस आंकडे असावे, आणि रोजची नोंद त्याच दिवशीं व्हावी. फसलेल्या प्रयोगाचें पान कधींही फाडूं नये. बुडालेल्या वाफ्यांत कोणती ओळ तगली व कोणती पिवळी पडली, हेंही निरीक्षणच आहे. काळ्या जमिनींत पाणी तुंबण्याचा प्रश्न आपल्याकडे कांहीं नवा नाहीं.

दुसरी गोष्ट मार्गदर्शकांची. पुष्कळ मुलें भिडेपोटीं अडचण सांगत नाहींत, आणि सांगतात तेव्हां उशीर झालेला असतो. दर पंधरा दिवसांनीं अर्धें पान लिहून न्यावें : काय झालें, कोठें अडलें, पुढें काय करणार. ठरलेल्या गोष्टी त्याच सायंकाळीं विनयपूर्वक पत्रानें कळवाव्या. निबंधावर कोणाचीं नांवें व कोणत्या क्रमानें यावयाचीं, हें लिखाणास हात घालण्यापूर्वींच विचारावें. आधीं विचारणें हा उद्धटपणा नव्हे. मागाहून धुसफुसणें मात्र दोघांसही जाचक होतें. पैसे घेऊन आठ दिवसांत निबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेस जाऊं नये.

तिसरी गोष्ट, सर्व भार एकाच पावसावर टाकूं नये. कांहीं काम प्रयोगशाळेंतील असावें, कांहीं कुंड्यांतील. आणि साधेल तर वाफेही दोन ठिकाणीं असावे. अकोला व अमरावती यांत सुमारें शंभर किलोमीटरांचें अंतर आहे. दोहींकडे पाऊस सारखा पडतोच असें नाहीं.

मुदतीची भीति घरच्यांनीं घेऊं नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच्. डी. साठीं कमींत कमी तीन व साधारणतः सहा वर्षें धरलीं असून स्त्रियांस आणखी दोन वर्षांची सवलत आणि प्रसूति व बालसंगोपनासाठीं २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. कृषि विद्यापीठांचे नियम थोडे निराळे असूं शकतात. ते कचेरींतून लेखी पाहून घ्यावे. विवाहाचा विचार अवश्य करावा, परंतु तो संशोधनाच्या विरुद्ध पारड्यांत घालूं नये.

आतां रहावें कीं सोडावें? याचा निर्णय काकांनीं करूं नये, आम्हींही करूं नये. पुढील पेरणीपूर्वीं तिनें स्वतःस तीन प्रश्न विचारावे : हा प्रश्न मला अजून आपला वाटतो काय? मार्गदर्शक माझें म्हणणें ऐकून घेतात काय? पुढील दोन हंगामांचा आराखडा मी कागदावर मांडूं शकतें काय? तिहींचें उत्तर होकारार्थी आलें, तर एका श्रावणासाठीं काम टाकणें ही भित्रेपणाची गोष्ट होईल. तिन्हीं नाहीं आलीं, तर विषय वा मार्गदर्शक बदलण्यांत, अथवा बियाण्यांच्या धंद्यांत, कृषि विज्ञान केंद्रांत किंवा सरकारी खात्यांत जाण्यांत मुळींच कमीपणा नाहीं. शिकलेलें तेथेंही कामास येतें. परंतु घरच्या बोलण्याला कंटाळून मात्र तिनें सोडूं नये.

पत्रलेखक गृहस्थांस शेवटीं एकच विनंति. पुढील वर्षीं महालक्ष्म्यांना ती आली नाहीं, तर नैवेद्य झाल्यावर पुरणाचा डबा घेऊन आपणच तिच्या शेतावर जावें, आणि सायंकाळपर्यंत तेथें बसून ती काय करते तें पहावें.