बर्फाचा हंगाम आणि आपली पोरे

दिवाळी सरली की कंधार, मुखेड, जळकोट या भागातल्या वाड्यांवर आणि तांड्यांवर घरोघरी कुलपे दिसू लागतात. माणसे कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागलेली असतात, ती पाडव्याच्या आगेमागे परततात. थंडीचे चार-पाच महिने परमुलखात राहून राबायचे, हे आपल्या भागाला नवे नाही. म्हणूनच कंधार तालुक्यातला ओळखीचा एक मुलगा गेल्या हिवाळ्यात मनालीच्या वरच्या अंगाला एका लहानशा हॉटेलात हंगाम काढायला गेला, तेव्हा त्याच्या आईने मला पहिला प्रश्न केला तो असा : ‘भाऊ, पोरानं उचल किती घेतली?’

उचल घेतली नव्हती. बी.ए. होऊन दोन वर्षे तो भरतीची तयारी करत होता. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस धरली, वाटेत स्टेशनावरच्या लंगरात जेवला, अंबाल्याला उतरून बस पकडली. पहाटे हॉटेलपुढचा बर्फ फावड्याने ओढायचा, मग दिवसभर भाड्याच्या स्कीच्या दुकानात उभे राहायचे, असे त्याचे काम. स्कीचा बूट नडगीपर्यंत येणारा, कडक प्लास्टिकचा. पर्यटकाचा पाय त्यात दाबून बसवायचा, बकले आवळायची, बुटाचे टोक स्कीच्या पट्टीवरच्या खाचेत घालून टाच खाली दाबायची. ‘खट्’ असा आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर पहिल्याच उतारावर पट्टी निसटते आणि माणूस पडतो. संध्याकाळी ओले बूट लोखंडी शेगडीभोवती मांडायचे. तिकडे त्या शेगडीला तंदूर म्हणतात. पहिल्या पंधरवड्यात त्याची बोटे सुजून लालभडक झाली, रात्रभर खाज सुटायची. काही चावले असावे, असे त्याला वाटले. थंडीने असे होते, हे तिथल्या नेपाळी आचाऱ्याने सांगितले.

आता त्याच्यासारखी आणखी चार मुले जाऊ म्हणतात. त्यांनी जावे का?

जाण्याच्या बाजूने बोलायचे तर राहणे-जेवणे मालकाकडे असेल आणि गावात खर्च करायला फारसे काही नसेल, तर पगारातला बराचसा पैसा हातात राहतो. दिवसाला पन्नास अनोळखी माणसांशी हिंदीत, मोडक्या इंग्रजीत बोलावे लागते आणि जीभ मोकळी होते. हा मुलगा दुपारच्या सुट्टीत स्की शिकला. पट्ट्यांची टोके जवळ आणायची, टाचा बाहेर रेटायच्या, की वेग मोडतो. हे सांगताना त्याने माझ्या ओसरीवर दोन्ही पाय तसे करून दाखवले. दोन वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर इतका उजेड मी पाहिला नव्हता. अभ्यासिकेतल्या खुर्चीवर बसून वय निघून जाण्यापेक्षा हे बरे, असे मला मनापासून वाटते.

पण बर्फाचा भरवसा पावसाइतकाच. २०२४च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार महिनाभर जवळजवळ उघडे पडले होते. तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २०२५मध्ये बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. उत्तराखंडातल्या औलीच्या राष्ट्रीय स्पर्धा २०२३मध्ये बर्फाअभावी रद्द झाल्या. त्याच वर्षी जानेवारीत औलीच्या पायथ्याचे जोशीमठ खचू लागले, घरांना तडे गेले आणि तिथून वर जाणारा रोपवे बंद करावा लागला. बर्फ नाही तर पर्यटक नाही, आणि पर्यटक नसला की पहिली गदा येते ती हंगामी माणसावर. पावसाची वाट बघत दुबार पेरणी केलेल्यांच्या मुलांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट पगाराची. आपल्याकडची स्कीची ठिकाणे आल्प्सच्या मानाने फार स्वस्त आहेत, हे पर्यटकाला सुख वाटते. ती स्वस्ताई ज्या ज्या खर्चातून येते, त्यात मजुरीही असते. स्की प्रशिक्षक होण्याचे स्वप्न घेऊन तर कोणी जाऊच नये. गुलमर्गची केंद्र सरकारची संस्था, मनालीची गिर्यारोहण संस्था, औलीत गढवाल मंडल विकास निगम हे सगळे थोड्या दिवसांचे वर्ग घेतात, जरूर शिकावे. पण गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्गचा मुलगा लहानपणापासून बर्फावर असतो. त्या उतारांवरचा पहिला हक्क त्याचा आहे आणि तो असायलाच हवा. ऊसतोडीला गेलेल्या माणसाला परका म्हणून काय सोसावे लागते, हे ठाऊक असलेल्या आपण तरी हे विसरू नये.

घरचा हिशेब उरतोच. डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या राशी असतात, हरभरा असतो. ज्या घरात कामाला एकच जोडी हात आहेत, तिथल्या मुलाने जाण्याआधी दहादा विचार करावा. परीक्षा तोंडावर आलेल्यानेही.

सगळे जमेस धरून मला वाटते : जावे, पण एक-दोन हंगाम, आणि बर्फाचे नव्हे तर हॉटेलाचे काम शिकायला. नांदेडला तख्त सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला वर्षभर देशविदेशांतून माणसे येतात. २००८च्या गुरुतागद्दी त्रिशताब्दीनंतर शहराचा चेहरा बदलला. खोली नीट ठेवणारा, पाहुण्याशी चार भाषांत बोलणारा माणूस इथेही हवा आहे. लातूरच्या मुलाला लातुरातही त्याचा उपयोग होईल. मुलींनी जावे का, हा प्रश्न पालक अजून विचारत नाहीत. स्वतंत्र, आतून कडी लागणारी खोली मिळणार असेल तर माझे उत्तर होच आहे.

आणि उचल नको. कोयत्याच्या हंगामाने आपल्याला एवढे तरी शिकवले आहे : आधी घेतलेला पैसा फिटला नाही की पुढचा हंगामही त्याच मुकादमाच्या नावे लागतो. माझ्या ओळखीच्या त्या मुलाची अडचण उलटी झाली. शेवटच्या महिन्याचा पगार ‘नंतर पाठवतो’ म्हणून राहिला, तो अजून आलेला नाही. लेखी काहीच नव्हते. परतीचे तिकीट मात्र आईने आधीच बाजूला काढून दिलेल्या पैशांतून निघाले.

यंदा दुसऱ्या एका हॉटेलाने त्याला बोलावले आहे. निरोप त्याने मला वाचायला दिला. पगार, राहणे, जेवण सगळे त्यात आहे. बर्फ पडला नाही तर त्या दिवसांचे काय, एवढेच नाही. आम्ही दोघांनी मिळून तो प्रश्न लिहून पाठवला आहे. उत्तर आल्याशिवाय तिकीट काढू नकोस, असे मी त्याला सांगितले आहे.