मास्तरांचा पुतळा नको

गेल्या ५ सप्टेंबरला गावातल्या मंडळाने मला शाल-श्रीफळ दिले. सीमाभागातल्या मराठी प्राथमिक शाळांत मी ३३ वर्षे खडू झिजवला, त्याचा हा सत्कार. भाषणांत मला समईची वात केले, चंदन केले, मूर्तिकार केले. कार्यक्रम संपल्यावर त्यांतलेच एक वक्ते आपुलकीने म्हणाले, "गुरुजी, तुमचं बरं होतं हो. दोन-दोन महिने सुट्टी, नि पगार चालू!" व्यासपीठाच्या तीन पायऱ्या उतरेपर्यंत मी देवाचा कामचुकार झालो होतो!

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. आपल्या समाजाला मास्तर दोनच रूपांत ओळखता येतो: साधू किंवा विदूषक. ही दोन्ही सोंगे सिनेमाने आणखी पक्की केली आहेत.

१९७२ साली दोन चित्रपट आले. एक मराठी, शांतारामबापूंचा 'पिंजरा'. दुसरा कन्नड, पुट्टण्णा कणगालांचा 'नागरहावु'. आमच्यासारख्या दुभाषी घरांनी दोन्हींवर प्रेम केले. 'पिंजरा'तले डॉ. लागूंचे गुरुजी मोहात पडतात, गाव त्यांना मेलेले समजून त्यांचा पुतळा उभारते आणि जिवंत गुरुजी स्वतःच्याच खुनाबद्दल फाशी जातात. 'नागरहावु'तले चामय्या मास्तर आपल्या लाडक्या शिष्याला चुकीचा सल्ला देतात आणि शेवटी प्राणास मुकतात. दोन्ही चित्रपट थोर आहेत, पण दोहोंचा निवाडा एकच: मास्तर चुकला, की त्याने जगायचे नाही. पुतळा चुकत नाही, म्हणून पुतळ्याला हार!

पुढे विदूषक आला. 'मैं हूँ ना' (२००४) मधला बोलताना थुंकी उडवणारा प्राध्यापक पाहून थिएटर हसले. 'तारे जमीन पर' (२००७) आला, तेव्हा सारे रडले, मीही रडलो. पण त्यात एक निकुंभ सर देवदूत, आणि उरलेले बहुतेक मास्तर दुष्ट. देवदूताकडे एक ईशान होता. माझ्याकडे चार इयत्ता एका खोलीत होत्या. आजही २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक देतो; इयत्ता पाच असल्या तरी! त्याच कायद्याने जनगणना आणि निवडणूक ही कामे मास्तरांच्या गळ्यात राहू दिली आहेत. हा हिशेब पडद्यावर कोण दाखवणार?

२०१८ साली रिषभ शेट्टींनी केरळातल्या कासरगोडच्या कन्नड शाळेवर चित्रपट काढला. कन्नड शाळेवर मल्याळी मास्तर नेमला जातो, शाळा बंद पाडण्याचा घाट घातला जातो आणि मुले लढतात. मी तो एका कन्नड स्नेह्यांबरोबर पाहिला. ते डोळे पुसत होते. मी म्हटले, "अण्णा, भाषा तेवढी बदला, ही आमचीच शाळा." ते गप्प झाले. पण घरी परतताना मीही गप्प झालो. त्या मुलांना निदान शाळा हवी होती. आपल्याला ती हवी आहे का?

वाचकहो, इथे मला माझाच कान धरावा लागतो. माझा नातू इंग्रजी शाळेत जातो. प्रवेशाचा अर्ज मीच भरला, कारण घरात माझे अक्षर चांगले! मराठी शाळेत ३३ वर्षे गिरवलेले ते अक्षर मराठी शाळेतून एक मूल कमी करायला कामी आले. त्या वक्त्यांच्या आणि माझ्या वागण्यात मग फरक तो काय? मास्तराला देव म्हणायचे आणि आपले मूल त्याच्या हाती द्यायचे नाही, हीच ती पुतळ्याची पूजा.

म्हणून सांगतो, आम्हांला गुरू म्हणू नका, शिक्षक म्हणा. वात किंवा चंदन म्हटले, की जळण्या-झिजण्याचा पगार मागता येत नाही. आणि चुकीचा जाबही कोणी विचारत नाही. शिक्षक हा कामकरी माणूस आहे. त्याने भागाकार नीट शिकवला तर तसे सांगा, नसेल शिकवला तर वर्गात येऊन विचारा. शाल नको. दिवाळीची सुट्टी संपली, की जवळच्या मराठी शाळेच्या दारात एकदा उभे राहा आणि विचारा, "मास्तर, आज काय शिकवलंत?"

हा प्रश्न ३३ वर्षांत मला कोणी विचारला नाही.