प्रेमकथेत विजेचं बिल का नसतं?

आन्साच्या घरात एकच ताटली आहे. एकच काटा, एकच सुरी. होलाप्पाला तिने जेवायला बोलावलंय, म्हणून ती दुकानात जाऊन आणखी एक ताटली आणि काटा-सुरी विकत आणते. आकी काउरिस्मॅकीच्या ‘फॉलन लीव्ह्ज’ या फिनिश चित्रपटातला हा अगदी छोटा प्रसंग. त्यावर कुणी काही बोलत नाही, मागे व्हायोलिनं वाजत नाहीत.

या चित्रपटाच्या फ्रेमा मात्र इंटरनेटवर भरपूर फिरतात. निळसर भिंती, जुना रेडिओ, एकटी बसलेली बाई, नंतर तिच्याशेजारी एक कुत्रा. खाली ‘कोझी’, ‘सॅड’, ‘ऑटम मूड’ असलं काहीतरी. २०२३मध्ये कान महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळालेला, जेमतेम ८१ मिनिटांचा हा चित्रपट आता बऱ्याच जणांसाठी फोनचा वॉलपेपर झालाय. मला याचा राग येतो. ताटली एकच आहे ती आन्साला मिनिमलिझमची आवड आहे म्हणून नव्हे. तिच्याकडे दुसऱ्या ताटलीची गरज पडेल असं आयुष्यच नव्हतं, आणि दुसरी घ्यायची तर पैसे मोजून घ्यावी लागते. ‘फॉलन लीव्ह्ज’ ही कामाच्या तासांची आणि पगाराची गोष्ट आहे. तेवढं खरवडून काढलं की जे उरतं त्याला खुशाल कोझी म्हणा.

गोष्ट एकदा नोकऱ्यांच्या क्रमाने सांगून बघते. आन्सा हेलसिंकीतल्या एका सुपरमार्केटमध्ये शेल्फ लावते. तिचा करार ‘झिरो अवर’ प्रकारचा आहे, म्हणजे किमान तासांची हमी नाही. मालकाला गरज असेल तेव्हा बोलावणार, नसेल तेव्हा नाही. मुदत संपलेलं, कचऱ्यात जाणारं खाणं ती एका गरजू माणसाला देते. तिथला गार्ड ते बघत असतो. मग तिच्या बॅगेत मुदत संपलेली एक खाण्याची वस्तू सापडते. वस्तू कचऱ्याची, पण कचरासुद्धा कंपनीचा. नोकरी जाते, नोटीस वगैरे काही नाही. घरी येऊन ती विजेचं बिल उघडते, क्षणभर बघते आणि उठून घरातली वीजच बंद करते.

यानंतर तिला एका पबमध्ये भांडी घासायचं काम मिळतं. पगाराच्या दिवशीच पबच्या मालकाला पोलीस पकडून नेतात, तो ड्रग्ज विकत असतो. नेमका त्याच वेळी होलाप्पा तिथे पोचलेला असतो. एका कराओके बारमध्ये दोघांनी एकमेकांना नुसतं पाहिलेलं असतं, ओळख नसते. तो तिला कॉफी पाजतो, सोबत खायला काहीतरी घेतो. म्हणजे त्यांची पहिली ‘डेट’ ही खरं तर बुडालेल्या पगाराच्या दिवशी पोटात पडलेलं खाणं आहे. हे काउरिस्मॅकी सांगत नाही. पबच्या दारातून तो सरळ कॅफेत कट मारतो, जोडणी आपली आपण करायची.

होलाप्पा धातूकाम करतो. यंत्र नादुरुस्त, नळी सडकी, अपघात होतो. मग त्याच्या रक्तात दारू सापडते आणि त्याला काढून टाकतात. तो पितो हे खरंच आहे. पण यंत्र सडकं होतं हेही खरं, आणि त्याबद्दल कुणाची नोकरी जात नाही. पुढे बांधकामावर काम मिळतं, तेही दारूपायी जातं. राहायची सोय कामाबरोबर येते आणि कामाबरोबर जाते. मुंबईच्या आसपास बांधकामावर राबणाऱ्या कुणालाही ही व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

आता याच्याशेजारी युरोपातल्या लाडक्या रॉमकॉम ठेवून बघू. ‘नॉटिंग हिल’ (१९९९): ह्यू ग्रँटचं प्रवासाच्या पुस्तकांचं दुकान तोट्यात चाललंय असं तो सांगतो, आपण हसतो, आणि तो लंडनच्या त्या भागातल्या निळ्या दाराच्या घरात परत जातो. (ते घर एके काळी पटकथाकार रिचर्ड कर्टिसचं स्वतःचंच होतं. तोट्याची कल्पना कुठून आली असेल ते तुम्हीच ठरवा.) ‘अमेली’ (२००१): मोंमार्त्रच्या कॅफेतली वेट्रेस. पॅरिसमध्ये वेट्रेसच्या पगारात एकटीने फ्लॅट, तोही इतका देखणा, कसा परवडतो हा प्रश्न झाँ-पिएर जनेच्या हिरव्या-लाल रंगांत विरघळून जातो. दोन्ही चित्रपट मला आवडतात, ‘अमेली’ तर किती वेळा पाहिलाय त्याची मोजदाद नाही. पण त्यांनी आपल्याला एक वाईट सवय लावली: प्रेमकथेत नोकरी म्हणजे पात्राचा पोशाख. कुणी आर्किटेक्ट, कुणी पुस्तकवाला, कुणी बेकरी चालवणारी. काम दिसतं, कामाचे तास दिसत नाहीत. महिनाअखेर तर कधीच येत नाही.

आणि मग तीच सवय घेऊन आपण काउरिस्मॅकीकडे जातो. त्यात देश फिनलंड. २०१८पासून जागतिक आनंद अहवालात हा देश वर्षानुवर्षं पहिला येतोय, आपल्या फीडमध्ये तो सौना, बर्फ आणि उत्तम शाळा घेऊनच येतो. तिथली एक बाई वीज परवडत नाही म्हणून अंधारात बसलीय हे दिसतं, तरी आपला मेंदू त्याला ‘मूड लायटिंग’ म्हणतो.

रेडिओचं तर फारच वाईट केलंय. आन्साच्या घरातला तो जुना रेडिओ स्क्रीनशॉटमध्ये किती गोड दिसतो! पण स्क्रीनशॉटला आवाज नसतो. चित्रपटात तो रेडिओ लागतो तेव्हा युक्रेनच्या बातम्या देतो: कुठे हल्ला झाला, किती माणसं मेली. फिनलंडची रशियाला लागून असलेली सीमा तेराशे किलोमीटरहून लांब आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर एप्रिल २०२३मध्ये हा देश नाटोत गेला, आणि पुढच्याच महिन्यात हा चित्रपट कानला दाखवला गेला. युद्धामुळे युरोपभर विजेचे दर भडकले होते. म्हणजे रेडिओ आणि ते बिल एकाच धाग्याने बांधलेले आहेत. आन्सा वैतागून रेडिओ बंद करते, आपण बातम्यांवरून बोट सरकवतो तसंच. होलाप्पा जेवायला आलेला असतानाही रेडिओवर युद्धच लागतं. या रेडिओला ‘व्हिंटेज डेकोर’ म्हणून सेव्ह करणाऱ्यांनी एकदा फक्त आवाज चालू करून बघावा.

काउरिस्मॅकीला ही गोष्ट आज सुचलेली नाही. चित्रपटात येण्याआधी त्याने भांडी घासलीत, टपाल वाटलंय. १९८६च्या ‘शॅडोज इन पॅराडाइज’मध्ये कचऱ्याच्या गाडीवरचा निकांदर आणि सुपरमार्केटच्या काउंटरवरची इलोना होते, मात्ती पेलोनपा आणि काती औतिनेन यांनी केलेले. मग ‘एरिअल’ (१९८८), मग ‘द मॅच फॅक्टरी गर्ल’ (१९९०). या कामगार-त्रयीचा ‘फॉलन लीव्ह्ज’ हा उशिरा आलेला चौथा भाग. २०१७मध्ये ‘द अदर साइड ऑफ होप’नंतर आपण थांबतोय असं त्याने जाहीर केलं होतं, आणि परत आला तो सुपरमार्केटच्या त्याच शेल्फांपाशी. मधल्या काळात इलोनाची आन्सा झाली, एवढाच काय तो बदल. कॅमेरा तिमो साल्मिनेनचा, ऐंशीच्या दशकापासून त्याचाच. तो प्रकाश, ज्याला लोक ‘पेंटिंगसारखा’ म्हणतात, साल्मिनेन कचऱ्याच्या डब्यालाही देतो आणि फुलांनाही, हातचं राखून न ठेवता.

हा माणूस स्वतःच्या राजकारणाची किंमतही मोजतो. २००२मध्ये अब्बास किआरोस्तमींना अमेरिकेचा व्हिसा मिळाला नाही म्हणून तो न्यूयॉर्कच्या महोत्सवाला गेला नाही. पुढच्या वर्षी ‘द मॅन विदाउट अ पास्ट’ला ऑस्करचं नामांकन होतं, युद्धाच्या तयारीतल्या देशात समारंभाला जाणार नाही म्हणाला. अशा दिग्दर्शकाच्या चित्रपटातली लढाई आणि बिलं कापून फक्त रंग ठेवायचे, याला रसग्रहण म्हणवत नाही मला.

यावर काही आक्षेप हमखास येतात. पहिला, की काउरिस्मॅकी स्वतःच गरिबी सुंदर करून दाखवतो, मग प्रेक्षकांना दोष का? यात तथ्य आहे. त्याला जुन्या गाड्या, ज्यूकबॉक्स, थिएटरबाहेरची जुनी पोस्टरं आवडतात, आणि कधी कधी ती आवड गोष्टीपेक्षा मोठी होते. त्याचे मॅनेजर म्हणजे नुसते सूट, त्यांना आत माणूसच नसतो. होलाप्पाचा शेवटाकडचा अपघात आणि कोमा तर मला सरळ आळस वाटतो, जुन्या मेलोड्रामाला मारलेला डोळा असला तरी. पण सुंदर दिसण्याचा हक्क फक्त निळ्या दाराच्या घरांनाच का असावा? भांडी घासणाऱ्या बाईचा चेहरा करड्या, थरथरत्या कॅमेऱ्यातूनच दाखवला तर खरा, हा वास्तववाद कुणाच्या सोयीचा आहे?

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: हे सगळं फार जुनाट आहे, आजकाल कागदावर फोन नंबर कोण लिहून देतं? आन्सा देते. तेही नाव न सांगता, पुढच्या भेटीत सांगेन म्हणून. होलाप्पा सिगारेट काढताना तो कागद खिशातून पडतो. मग त्याच्याकडे ना नाव, ना नंबर. जिथे दोघांनी जिम जार्मुशचा झोम्बीपट पाहिला त्या थिएटरसमोर जाऊन तो उभा राहतो. आन्सा येते तेव्हा तो नसतो, पण जमिनीवर सिगारेटच्या थोटकांचा ढीग असतो आणि तिला कळायचं ते कळतं. हे तुम्हाला नॉस्टॅल्जिया वाटतंय? चित्रपटात भिंतीवर २०२४चं कॅलेंडर आहे. नोकरी शोधायला आन्सा पैसे देऊन इंटरनेट कॅफेत बसते, कारण घरी ती सोय नाही. कनेक्शन ही पगारावर अवलंबून असलेली वस्तू आहे, हे दाखवण्यात जुनाट काय आहे? आपल्यातल्या किती जणांचा डेटा पॅक महिनाअखेरीला संपतो आणि आपण ‘नेटवर्क नव्हतं’ म्हणून वेळ मारून नेतो!

तिसरा आक्षेप मुलींकडून येतो आणि तो मी सगळ्यात गंभीरपणे घेते: पुन्हा एकदा एक चांगली बाई एका दारुड्याला सुधारते. मी चित्रपट पुन्हा पाहिला तो याचसाठी. जेवणाच्या त्या रात्री, नवीन ताटली मांडलेल्या टेबलाशी, होलाप्पा कोटातल्या बाटलीतून चोरून पितो. आन्सा सांगते की बाप दारूने गेला, भाऊ दारूने गेला, आई त्या दुःखाने गेली. दारुडा मला नको. तो म्हणतो, हुकूम ऐकून घेणार नाही, आणि निघून जातो. ती त्याच्या मागे जात नाही. फोन करत नाही, कुठल्या पुलावर रडत नाही. एक भटकं कुत्रं घरी आणते. दारू तो सोडतो, त्याची तो. मग फोन करतो, तेव्हा ती म्हणते ये. आल्मा पॉयस्तीने हा नकार आवाज अजिबात न चढवता केलाय. युस्सी वातानेनच्या तोंडावर त्या वेळी जे काही होतं ते इतकं थोडं आहे की फोनच्या स्क्रीनवर कदाचित दिसणारही नाही. एकटीने, मिळवत्या पैशात, विजेचं बिल भरून जगणारी बाई ‘नको’ म्हणू शकते. तिच्या एकटेपणाला ‘सॅड’ म्हणणाऱ्यांना ही बाजू दिसते का? तो एकटेपणा तिला जड जातो, तरी तो तिने कमावलेला आहे.

होलाप्पाचा मित्र हुओतारी, कराओकेत स्वतःच्या आवाजावर भलताच खूश असलेला, यात सगळ्यात विनोदी माणूस आहे. एका बारमध्ये माउस्तेत्युतोत नावाच्या बहिणींचा बँडही येतो (नावाचा अर्थ ‘स्पाइस गर्ल्स’, आणि त्यांचे चेहरे बघितले की हा फिनिश विनोद बरोबर पोचतो). झोम्बीपटानंतर आन्सा अगदी कोऱ्या चेहऱ्याने सांगते की इतकं ती कधी हसली नव्हती. कॉमेडी आहे ही, भरपूर आहे. मात्र हसू येतं ते या माणसांबरोबर, आणि बहुतेक वेळा कामावरून सुटल्यावर. दिवसभर राबलेल्यांच्या हातात रात्रीचे जे दोन-तीन तास उरतात, सगळं प्रेम तेवढ्यातच उरकायचं असतं. रॉमकॉमचा हिशोब काउरिस्मॅकी इथून सुरू करतो.

शेवटी हॉस्पिटलमधून सुटलेला होलाप्पा, आन्सा आणि चॅप्लिन नावाचा तो कुत्रा पानगळीतून चालत जातात आणि ज्या गाण्यावरून चित्रपटाला नाव मिळालं ते ओलावी विर्ताच्या आवाजात फिनिशमधून लागतं. ही फ्रेमसुद्धा वॉलपेपर म्हणून फार चालते. त्या पबच्या मालकाने आन्साचा पगार तेव्हाही दिलेला नसतो.