गच्चीवरच्या डासाचे नाव

पावसाळ्यात आमच्या पार्ल्याच्या गल्लीत संध्याकाळी धुराचे यंत्र येते. पोरे त्या पांढऱ्या लोटामागे धावतात, आजीआजोबा खिडक्या लावून घेतात आणि डास मेले म्हणून सारेजण निर्धास्त होतात. मीही होत असे. मग घरातच मलेरियाचा ताप आला. तपासणीला आलेला पालिकेचा माणूस गटाराकडे न बघता थेट गच्चीवर गेला. टाकीचे झाकण तडकलेले होते. (ते बदलण्याचा विषय सोसायटीच्या दोन सभांत तहकूब झाला होता!) पाण्यात अळ्या आडव्या पडल्या होत्या. "ॲनॉफेलीस," तो म्हणाला, "गटारातल्या क्यूलेक्सची अळी डोके खाली करून लटकते."

वर्गीकरण म्हणजे टाचणीला टोचलेले किडे आणि लॅटिन नावे, असा आपला समज असतो. पण डासाचे नाव कळले की त्याचे घर कळते. डेंग्यूचा एडिस कुंडीखालच्या बशीत वाढतो आणि दिवसा चावतो. खेडोपाडी मलेरिया पसरवणारा क्यूलिसिफेसीस ओढ्याकालव्यांच्या कडेने वाढतो. मुंबईचा मलेरिया मुख्यतः ॲनॉफेलीस स्टीफेन्सायचा, आणि त्याला आवडते विहिरीटाक्यांतले स्वच्छ पाणी. धूर मारतो तो उडत्या डासाला. टाकीतल्या अळीला त्याचा पत्ताही नसतो.

या डासाचे बारसे आपल्याकडचेच. ग्लेन लिस्टन या डॉक्टरने १९०१ साली वऱ्हाडातल्या एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, डासांवरून त्याचे वर्णन केले. पुढे हाच लिस्टन परळला प्लेगच्या पिसवांच्या मागे लागला. १९११ मध्ये बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचे मूळ विहिरींत दाखवले आणि विहिरी बुजवण्याची, झाकण्याची मोहीम निघाली. विहिरीला पूज्य मानणाऱ्यांनी विरोधही पुष्कळ केला.

आता हा अचलपूरकर परदेशी गेला आहे. २०१२ साली तो आफ्रिकेत जिबुतीमध्ये सापडला, नंतर इथिओपियात. तिथला मलेरिया प्रामुख्याने खेड्यांतला. या पाहुण्याने तो शहरातल्या टाक्यांपर्यंत आणला. २०२२ साली डिरे डावा शहरात साथ आली आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने त्याला रोखण्याची खास मोहीम जाहीर केली. तिकडे कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१५ मध्येच त्याच्या जनुकांत असा बदल केला, की मलेरियाविरोधी गुण पुढच्या बहुतेक पिढीत उतरावा.

हे संशोधन व्हायलाच हवे. पण स्टीफेन्सायच्याही तीन जाती-उपप्रकार मानतात, ते ओळखायचे अंड्याच्या तरंगकावरच्या कंगोऱ्यांची संख्या मोजून! डोळ्याला भिंग लावून हे मोजत बसणारा माणूस आज किती महाविद्यालयांत तयार होतो? प्राणिशास्त्राच्या मुलांना जनुकांची प्रयोगशाळा हवी असते, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? नोकऱ्या तिकडे आहेत.

आमच्या टाकीला नवे झाकण बसले. शेजारची इमारत मात्र पुनर्विकासासाठी पाडली आहे. तिथल्या लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलेले माझ्या खिडकीतून दिसते. पालिकेचा तो माणूस परवा तिथे दोनदा येऊन गेला; रखवालदाराने त्याला आत सोडले नाही.