यादी लांब आहे म्हणून रडू नका, ती वाचा

दर तीन-चार महिन्यांनी कुणीतरी मला सिस्टमडीची 'काय काय लागतं' ही यादी पाठवतो. खाली एकच वाक्य असतं: "एवढं सगळं? नुसत्या सर्व्हिसेस सुरू करायला?" मग बाकीचे माना डोलावतात. युनिक्सच्या तत्त्वज्ञानाचं श्राद्ध घातलं जातं, कुणीतरी जुन्या इनिटच्या आठवणीने हळवा होतो, आणि सोमवारी हीच सगळी मंडळी सिस्टमडीवर चालणाऱ्या सर्व्हरवर लॉगिन करून कामाला लागतात.

आज शनिवार आहे, वेळ आहे, म्हणून एकदा स्पष्टच लिहितो. 'यादी लांब आहे' ही तक्रार फालतू आहे. तक्रार करायचीच असेल तर दोन वेगळ्या गोष्टींची करा. एक म्हणजे ही यादी आपण कुणीच वाचत नाही. आणि दुसरी म्हणजे एका ओळीच्या कामासाठी आपण अख्खी लायब्ररी गळ्यात बांधून घेतो. या दोन्हींत दोष सिस्टमडीचा कमी आणि आपला जास्त आहे.

आधी यादीत आहे तरी काय ते बघू. सोर्स कोडसोबत रीडमी नावाची एक साधी फाईल येते, त्यात ती आहे. कर्नल किमान कुठला हवा, कर्नल बनवताना कुठले पर्याय चालू हवेत, कुठल्या लायब्ररी लागतात, बिल्ड करायला कुठली हत्यारं लागतात, सिस्टमवर कुठले युजर आणि ग्रुप असायला हवेत, डिरेक्टरींची मांडणी कशी हवी. बस्स.

यातलं शोभेसाठी घातलेलं काय आहे ते मला दाखवा. सी-ग्रुप का हवेत? कारण एखाद्या सर्व्हिसने दहा पोरं जन्माला घातली आणि त्यांनी स्वतःला आईबापांपासून तोडून घेतलं, तरी ती कुणाची हे कर्नलला माहीत असतं. सर्व्हिस बंद करा म्हटलं की सगळं खटलं बंद होतं. डेव्हटीएमपीएफएस का हवं? कारण डिव्हाइसच्या फाईली कर्नल स्वतः तयार करतो, बूट होताना त्या हाताने मांडत बसावं लागत नाही. सिग्नल-एफडी, टाइमर-एफडी, ई-पोल ही नावं भारदस्त वाटतात, पण अर्थ एवढाच की सिग्नल, घड्याळ आणि सॉकेट या तिघांची वाट एकाच लूपमध्ये बघता येते. पीआयडी १ म्हणजे घरातला कर्ता माणूस. तो मेला की कर्नल पॅनिक. त्याचा कोड जितका सरळ तितकं आपलं बरं.

यादीतला निम्मा भाग तर तुमच्या सर्व्हरवर लागतच नाही! मेसन, निंजा, जीपर्फ, पायथन, जिन्जा ही सगळी बिल्ड करतानाची सामग्री आहे. (२०१७ साली त्यांनी जुनी ऑटोटूल्स सोडून मेसन घेतलं. ज्यांनी कॉन्फिगर स्क्रिप्ट चालू असताना दोन चहा संपवले आहेत त्यांनी तरी याबद्दल बोलू नये.) पुरणपोळी करायला पुरणयंत्र लागतं, खायला नाही. 'सिस्टमडीला पायथन लागतो' असं ठणकावून सांगणाऱ्याने आधी ताट आणि स्वयंपाकघर यातला फरक समजून घ्यावा.

आता जुन्या इनिटकडे वळू. 'त्याला काहीच लागायचं नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. लागायचं हो, सगळं लागायचं! फक्त ते लिहिलेलं नसायचं. ते प्रत्येक सर्व्हिसच्या शेल स्क्रिप्टमध्ये पुरलेलं असायचं. डेटाबेस आधी सुरू व्हायला हवा ही अट कुठे होती? एस२० आणि एस८० या फाईलींच्या नावांतल्या आकड्यांत. नेटवर्क वर यायला वेळ लागतो ही अट कुठे होती? 'स्लीप ५' मध्ये. पाच सेकंदच का, हे लिहिणारा माणूस कधीच कंपनी सोडून गेलेला. सर्व्हिस जिवंत आहे की नाही हे ठरायचं पीआयडी फाईलवरून, आणि तो आकडा मधल्या काळात भलत्याच प्रोसेसला मिळाला असेल तर 'स्टॉप' म्हटल्यावर भलतीच प्रोसेस मरायची. या अटी नव्हेत तर काय?

म्हणूनच सगळेच जण त्यातून बाहेर पडत होते. २००५ साली सोलारिस १० मध्ये एसएमएफ आलं, त्याच वर्षी अ‍ॅपलने टायगरमध्ये लाँचडी आणलं, २००६ साली उबुंटूने अपस्टार्ट आणलं. ३० एप्रिल २०१० ला लेनार्ट पोएटरिंगने पीआयडी १ चा नव्याने विचार करणारा तो गाजलेला लेख लिहिला तेव्हा तो काही एकटा वेडा नव्हता. २०११ च्या मे महिन्यात फेडोरा १५ ने सिस्टमडी घेतलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी जिंकलं. चिडलेल्या लोकांनी देवुआन काढलं. म्हणजे वाद खरा होता, आणि त्यातली काही माणसं आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त जाणकार होती. ते मान्य. पण त्यांचा वाद 'यादी लांब आहे' हा नव्हता. तो होता कुणी कुणाला जखडून ठेवायचं याबद्दलचा.

आणि इथे मी बाजू बदलतो.

२९ मार्च २०२४. अँड्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेसवर काम करणारा इंजिनियर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून खणत गेला आणि त्याला एक्सझेडच्या लायब्ररीत, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, पद्धतशीर पेरलेलं मागचं दार सापडलं. आता विचार करा. एसएसएचचा सर्व्हर आणि फाईल दाबून लहान करणारी लायब्ररी यांचा संबंध काय? ओपनएसएसएचच्या मूळ कोडमध्ये काही नाही. पण डेबियन, फेडोरा वगैरेंनी त्यात एक पॅच घातला होता, का तर सर्व्हर तयार झाला की सिस्टमडीला 'मी तयार आहे' असं कळवावं. त्यासाठी सिस्टमडीची लायब्ररी जोडली. त्या लायब्ररीला जर्नल वाचण्यासाठी एक्सझेड लागायचं. झालं, चोर मागच्या गल्लीतून आला.

बरं, ते 'मी तयार आहे' म्हणजे काय? एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सॉकेटचा पत्ता घ्यायचा आणि त्यावर 'रेडी=१' एवढी अक्षरं पाठवायची. संपलं. कॉलेजातला पोरगा एका दुपारी लिहील. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ ने नेमकं हेच केलं: कुठलीही लायब्ररी न जोडता स्वतःच ते काम लिहून टाकलं. इतकी वर्षं ते कुणी का नाही केलं? कारण लायब्ररी जोडणं ही एक ओळ असते, आणि ती एक ओळ पुढे काय काय ओढून आणते हे बघणं हे काम असतं.

सिस्टमडीवाल्यांचंही ऐकून घ्या. कॉम्प्रेशनच्या लायब्ररी सरसकट न जोडता, गरज पडेल तेव्हाच उघडायच्या, हा बदल त्यांच्या डेव्हलपमेंटच्या शाखेत भानगड उघडकीला येण्याआधीच गेला होता. जून २०२४ च्या २५६व्या आवृत्तीत तो सगळ्यांना मिळाला. त्यावर 'आता तर डिपेंडन्सी दिसेनाशीच झाली' असा आक्षेप येणार हे ओळखून, बायनरीतच एक नोंद ठेवायची पद्धतही त्यांनी त्याच आवृत्तीत आणली: ही ही लायब्ररी मी पुढेमागे उघडू शकतो, अमुक नसली तर अमुक काम होणार नाही. मला हे आवडलं. काय लागतं ते लपवू नका, पण नसलं तर चालेल का तेही लिहा.

आता माझी स्वतःची लाज. एका क्लायंटकडे आम्ही काही कंटेनर डेबियन १३ वर नेत होतो. जुनी अ‍ॅप्लिकेशन, एकाच कंटेनरमध्ये पाच-सहा सर्व्हिसेस, त्यामुळे आत सिस्टमडीच पीआयडी १ म्हणून चालायचं. (असं करू नये, माहीत आहे. पुढे चला.) होस्टवर ४.१८ कर्नल. टीममधल्या सगळ्यात ज्युनियर पोराने मला विचारलं होतं, "होस्टवर सी-ग्रुप कुठला आहे, व्ही१ की व्ही२, ते बघून घेऊ का?" मी म्हटलं, "अरे, कर्नल चालतोय ना? किमान ४.१५ मागतात, आपला ४.१८ आहे. पुढे जा." आणि अप्रूव्ह केलं.

शनिवारी रात्री एकही कंटेनर उठला नाही. डेबियन १३ मध्ये सिस्टमडी २५७ आहे, आणि २५६ पासून ते व्ही१ वर उठायला सरळ नकार देतं. कर्नलची आवृत्ती बसत होती, व्ही२ त्या कर्नलमध्ये होतं सुद्धा (४.५ पासून आहे, म्हणजे २०१६ पासून), फक्त होस्ट जुन्या सवयीने व्ही१ माउंट करत होता. कर्नलच्या बूट ओळीत एक पर्याय आणि एक रीबूट, एवढाच उपाय. पण ते कळेपर्यंत पहाटेचे चार वाजले. व्ही१ काढणार हे सिस्टमडीने २०२२ सालीच बदलांच्या यादीत लिहून ठेवलं होतं. कुणी वाचलं होतं? त्या पोराने. आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये नाव कुणाचं आलं? त्याचंच, कारण कमांड त्याने चालवली होती. मी तिथेच सांगितलं की त्याने विचारलं होतं, नाही मी म्हटलं. पण सांगितलं ते दहा मिनिटांनी, आधी नाही. ती दहा मिनिटं मला अजून बोचतात.

म्हणून हा लेख. 'सिस्टमडी अवजड आहे' हे त्या मीटिंगमध्येही कुणीतरी म्हणालंच. सगळ्यांना बरं वाटलं. दोष दूर कुठेतरी परदेशात गेला, आपल्या खोलीतून बाहेर पडला. 'अवजड' या शब्दाचा आपल्याकडे मुख्य उपयोग हाच आहे.

खऱ्या तक्रारी आहेत, नाही असं नाही. सिस्टमडी फक्त लिनक्सवर चालतं आणि हे त्यांनी मुद्दाम ठरवलेलं आहे. त्यामुळे डेस्कटॉपची सॉफ्टवेअर त्याच्या लॉगिनडीवर टेकायला लागली तेव्हा बीएसडीवाल्यांची पंचाईत झाली. वर्षानुवर्षं त्याला जीलिबसीच लागायची. मसल वापरणाऱ्या अल्पाइनसारख्यांना दारच बंद. डिसेंबर २०२५ च्या २५९व्या आवृत्तीत मसलवर बिल्ड करायची प्राथमिक सोय आली, पंधरा वर्षांनी. आणि किमान कर्नल वर सरकत राहतो: सप्टेंबर २०२५ च्या २५८व्या आवृत्तीपासून ५.४, आणि व्ही१ चा कोडच काढून टाकला. ज्यांची मशीन कारखान्यात पंधरा वर्षं चालायची आहेत त्यांना हे परवडत नाही. त्यांनी रनिट घ्यावं, ओपनआरसी घ्यावं, आनंदाने घ्यावं. पण त्यांची यादीही वाचावी, आणि जी अट लिहिलेली नाही ती आपल्याच स्क्रिप्टमध्ये आपणच घातलेली असेल हे लक्षात ठेवावं.

माझं मागणं साधं आहे. अपग्रेडच्या तिकिटात 'रिस्क: लो' लिहिण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. ही गोष्ट बांधायला लागते की चालायला? नसली तर काय होतं: एक सोय कमी होते की मशीन उठतच नाही? आणि ही अट कुणी घातली, सिस्टमडीने, डिस्ट्रोच्या पॅचने की आपण? पंधरा मिनिटांचं काम आहे. आणि उत्तराखाली नाव अप्रूव्ह करणाऱ्याचं असू द्या, कमांड चालवणाऱ्याचं नको.

आमच्याकडे आता तसं असतं. पहिलं नाव माझं आहे. तो पोरगा अजून टीममध्येच आहे, आणि रीडमी अजून तोच आधी वाचतो. पण आता त्याने काही विचारलं की मी आधी वाचतो आणि मग 'पुढे जा' म्हणतो.

असो. आजच्यापुरतं इतकंच.